बाई खाली कशा येतात

आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. बांधणाऱ्याने लिफ्टसाठी जागा ठेवली होती. पण त्या जागेत आधी कुणाच्या तरी कुंड्या आल्या, मग तुटका पाळणा आला, आणि लिफ्टचा विषय कायमचा मिटला. विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत बहुतेक इमारतींची हीच गत आहे. त्यामुळे आमच्याकडे माणूस ओळखायचा तो मजल्यावरून. पहिल्या मजल्यावरचा सुखी, दुसऱ्यावरचा समाधानी, तिसऱ्यावरचा सोशिक, आणि चौथ्यावरचा एकतर तरुण नाहीतर हट्टी.

वृंदाबाई चौथ्यावर राहतात आणि त्यांचं तरुणपण संपून बरीच वर्षं झाली.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. शाळा सुटल्यावर घरी शिकवणी. गल्लीतला निम्मा पुरुषवर्ग त्यांच्याकडून कान पिळून घेऊनच संसाराला लागलेला आहे. त्यामुळे आजही बाई जिन्यात दिसल्या की माणसं विडी विझवतात आणि शर्टाचं वरचं बटण लावतात. नवरा गेल्यावरही बाईंनी कपाळाचं कुंकू ठेवलं, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची इमारतीत कुणाची छाती झाली नाही.

बाईंचा एकुलता एक मुलगा यज्ञेश बदलापूरला असतो, खरवईच्या एका नव्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर. अंबरनाथच्या एका कंपनीत क्वालिटी बघतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातली चूक काढायचा त्याला पगार मिळतो, आणि घरी तो हे काम फुकट करतो. मुलगा वाईट नाही. आईसाठी त्याने वेगळी खोली तयार केली, पश्चिमेची हवा येईल अशी. आईने मात्र एकदा तिथे चार दिवस राहून निकाल दिला.

"तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात," बाई म्हणाल्या. "इथून मला कुणाच्या पिशवीत काय आहे तेही दिसतं."

गणपतीत यज्ञेश आला तेव्हा जिन्यातच दोघांचं वाजलं. आमचं दार पहिल्या मजल्यावर, आणि हवेसाठी ते उघडंच असतं. हवेबरोबर आणखी काही आत आलं तर आम्ही अडवत नाही.

"आई, हे चार मजले तुला झेपत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तू म्हणतोस ते मत झालं. सिद्ध कर."

"नाही, तू सिद्ध कर. कुणीतरी जाणकाराने मला सांगू दे की तुला जिना झेपतो. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर दसऱ्याला टेम्पो आणतो."

बाईंनी आव्हान स्वीकारलं. इमारतीतच जाणकार होता म्हणूनच स्वीकारलं असणार, कारण हरण्याच्या बाजूला बाई कधी उभ्या राहिलेल्या नाहीत.

जाणकार म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची भावना. ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या महेंद्ररावांची मुलगी आणि बाईंची जुनी विद्यार्थिनी. ती इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करते: माणूस जिना कसा चढतो आणि तसा यंत्राला चढवता येईल का. तिच्या वडिलांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं शिकवलं ते जिना चढायला?" पण भावनाचा हिशोब सरळ होता. लिफ्ट नसलेल्या इमारती ढीगभर, वर राहणारी म्हातारी माणसं ढीगभर, आणि गॅसचं सिलिंडर काही आपण होऊन वर येत नाही. सामान घेऊन जिना चढणारं यंत्र तिने कॉलेजात अर्धंमुर्धं केलंही होतं. ते पुरं करायला आधी खरी माणसं खऱ्या जिन्यावर तपासायची, आणि आमच्या जिन्याइतका खरा जिना शोधून सापडणार नाही. एक पायरी उंच, एक बुटकी, एक कोपऱ्यात झिजलेली.

तिने सगळ्यांच्या पायांना पट्टे बांधले. गुडघा किती वाकतो, पाय कुठे टेकतो, तोल कुठे जातो, हे पट्ट्यांतून तिच्या लॅपटॉपवर उमटायचं. अट एकच होती: रोज चढता तसं चढा.

इथेच सगळं फसलं. पट्टा बांधल्यावर रोजच्यासारखं कोण चढतं? दुसऱ्या मजल्यावरचा हरेश, कॅम्प एकच्या बाजारात ज्याचं कापडाचं दुकान आहे, तो नवीन बूट घालून आला आणि पोलीसभरतीला आल्यासारखा धावत सुटला. वर पोचल्यावर बराच वेळ त्याला बोलता येईना. "व्ह्यू बघतोय," त्याने खुणेने सांगितलं. त्याच्या बायकोने पायात मशीन आहे म्हणून चपला काढल्या आणि पहिल्या पायरीला नमस्कार केला. आम्ही स्वतः पोट आत घेतलं, पट्टा पायाला असूनही.

बाई मात्र सुरेख चढल्या. पाठ ताठ, एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. भावना खूश झाली.

"बाई, तुमच्या वयाच्या मानाने फारच छान."

"वयाचं राहू दे. छान एवढंच लिही."

पण भावनाही बाईंचीच विद्यार्थिनी. एकदाच आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला बाईंनीच शिकवलेलं. तिने सगळ्यांना सांगितलं, पट्टे आता आठवडाभर पायातच राहू देत, म्हणजे तुम्ही ते विसराल आणि मला खरं कळेल. माणसं दोन दिवसांत विसरली. बाईही विसरल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बाई जिना चढताना सगळ्यांना दिसत. संध्याकाळची वेळ, माणसं कामावरून परतलेली, दारं उघडी, आणि बाई पिशवी घेऊन ताठ मानेने वर चाललेल्या. उतरताना मात्र त्या कुणाला दिसत नसत. आमच्याही हे उशिराच लक्षात आलं. भर दुपारी, इमारत जेवून आडवी झालेली असताना, जिन्यात चपलांचा आवाज यायचा. एक टेकली. मग कितीतरी वेळ काही नाही. मग दुसरी. दाराच्या फटीतून पाहिलं तर बाई दोन्ही हातांनी कठडा धरून आडव्या उतरत होत्या, पुराच्या पाण्यात पाय घालावा तशा. आम्ही दार हळूच लोटून घेतलं. बाईंना कुणी तसं पाहिलेलं चाललं नसतं.

आम्ही पाहिलं नसतं तरी पट्ट्याने पाहिलंच असतं.

आठवडा संपला तेव्हा भावना बाईंना आमच्या मजल्यावर गाठून उभी राहिली.

"बाई, उतरताना काय होतं?"

"तुझा अभ्यास चढण्याचा आहे ना? मग चढण्यापुरतं बघ."

"उतरणंही त्यातच येतं. उलट तेच अवघड. चढताना नुसता दम लागतो. माणूस पडतो तो उतरताना."

बाईंनी खाली जिन्याकडे पाहिलं. 

"गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर पाय सटकला," मग त्या म्हणाल्या. "लागलं काही नाही. पण तेव्हापासून वर उभं राहून खाली पाहिलं की सगळा जिना अंगावर येतो. यज्ञेशला कळलं तर आजच टेम्पो आणेल."

"मी आपण होऊन सांगणार नाही," भावना म्हणाली. "पण त्याने विचारलं तर खोटं नाही बोलणार, बाई."

"बोलू नकोस. मी तुला तसं शिकवलेलं नाही." आणि जाता जाता विचारलं, "तुझं यंत्र उतरतं का गं?"

"नाही ना! चढतं मस्त. उतरताना नाकावर आपटतं. बॅटरी पुढे, वजन पुढे, तोल गेला की गेला."

"म्हणजे गुडघे नसून हे हाल," बाई म्हणाल्या. त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं.

यंत्राची चाचणी खंडेनवमीला ठरली. दसऱ्याला भावनाच्या घरचे सगळे दीक्षाभूमीला नागपूरला जाणार होते, रात्रीची गाडी होती, म्हणून आदल्या दिवशी दुपारी. तिचे गाइड अनीश सर येणार होते. यज्ञेशनेही तीच दुपार निवडली. टेम्पोवाल्याला त्याने सांगून ठेवलं होतं, तशी बातमी हरेशकडून आली. हरेशकडची बातमी आणि कापड दोन्ही धुतल्यावर आटतात, पण ही आटली नाही.

यंत्र खाली पोचलं. मोठ्या सुटकेसएवढा चपटा डबा, दोन्ही बाजूंना रबरी पट्टे, पुढे दोन फावड्यांसारखे हात आणि हातांच्या मधोमध कॅमेऱ्याची गोल काच. इमारतीने बघताक्षणी त्याचं नाव कासव ठेवलं. अनीश सर उंच, अबोल, सारखे चष्मा पुसणारे. त्यांनी नुसती मान हलवली आणि कासव निघालं.

आणि काय चढलं! पुढचे हात पायरीवर टाकायचं, अंग उचलायचं, कोपऱ्यावर थांबून विचार करायचं, वळायचं. झिजलेल्या पायरीवर अडलं, थोडं मागे आलं, पुन्हा गेलं. आम्ही सगळे मागून, लग्नाच्या वरातीसारखे. हरेश तर "आजू बाजू, आजू बाजू" करत रस्ता करत होता, जणू कासव त्याच्याच दुकानचं. तिसऱ्या मजल्यावर सरांनी भावनाला थांबवून लॅपटॉपवर काहीतरी विचारलं. कासव तेवढ्यात एकटंच पुढे गेलं आणि चौथ्या मजल्यावर पोचलं.

चौथ्या मजल्यावर बाई ताम्हण घेऊन उभ्या होत्या.

नवमीचा दिवस. घराघरांत त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते. यज्ञेशच्या गाडीला झेंडूचा हार होता, हरेशने दुकानातल्या कात्रीला आणि मीटरपट्टीला गंध लावलं होतं, बाईंनी सकाळीच शिलाई मशीन, मिक्सर आणि पाटा पुजला होता. आता एवढे मजले चढून एक यंत्र आपल्या दारात आलेलं. त्याला कोरडं कसं परत पाठवायचं? बाईंनी त्याला ओवाळलं. मग कपाळ शोधलं. त्या डब्यात कपाळ म्हणावं अशी एकच जागा होती, पुढची गोल काच. बाईंनी खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू तिथे छान दाबून लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या.

भावना धावत वर आली आणि मटकन पायरीवर बसली.

"बाई, हा त्याचा डोळा होता."

"कपाळ नव्हे?"

"डोळा!"

मग पुसापुशी सुरू झाली. भावनाने ओढणीने पुसलं, तर काच गुलाबी झाली. यज्ञेशने गाडीतलं काच पुसायचं फवाऱ्याचं औषध मारलं, तर तेल पसरलं. अनीश सरांनी स्वतःचं चष्म्याचं फडकं कायमचं घालवलं. काचेच्या कडेच्या फटीत कुंकू बसलं होतं आणि अक्षतेचा एक दाणा असा अडकला होता की कासव खोलल्याशिवाय निघणार नाही. लॅपटॉपवर पाहिलं तर पुढे पायऱ्या नव्हत्याच, नुसता लालभडक सूर्योदय.

"खाली कसं न्यायचं?" भावना रडवेली झाली. "उचलून न्यायचं म्हणजे दोन सिलिंडरचं वजन आहे."

बाई इतक्या ओशाळल्या की त्यांनी ताम्हण पाठीमागे लपवलं. अनीश सर मात्र पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले.

"मागचा कॅमेरा आहे ना? त्याला कुठे कुंकू लागलंय? पाठमोरं उतरव."

भावनाने कासव फिरवलं. आता त्याची पाठ जिन्याकडे आणि तोंड बाईंच्या दाराकडे. ते मागच्या मागे पहिल्या पायरीवर सरकलं. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, हरेशने तर डोळेच मिटले. कासव आपटलं नाही. बॅटरीचा जड भाग वरच्या पायरीकडे राहिला, पुढचे हात पायऱ्यांना धरून राहिले, आणि ते एकेक पायरी असं उतरलं की जणू माळ्यावरून शिडीने कुणी शहाणं माणूस उतरतंय. कोपरा आला, वळलं. तिसरा मजला गेला. दुसरा गेला. खालून टाळ्या ऐकू आल्या आणि अनीश सर चष्मा पुसायचा विसरले.

"इतके महिने आपण त्याला सरळ तोंडाने उतरवत होतो," ते भावनाला म्हणाले. "का बरं?"

"सर, माणसं तशी उतरतात म्हणून."

सगळ्यांचं लक्ष कासवाकडे होतं. आमचं सवयीने बाईंकडे होतं. बाई दारात उभ्या राहून, कासव दिसेनासं झाल्यावरही, त्या रिकाम्या पायऱ्यांकडे पाहत होत्या.

भावना आनंदाने वळली ती नेमकी यज्ञेशच्या तावडीत.

"भावना, अभिनंदन. आता माझं सांग. आईचं चढणं कसं आहे?"

"उत्तम."

"आणि उतरणं?"

क्वालिटीचा माणूस. वस्तू दोन्ही बाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय सही नाही करायचा. भावनाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, सांग म्हणून.

"उतरताना बाई घाबरतात. आडव्या उतरतात, पाय धड टेकत नाही. ते धोक्याचं आहे, दादा."

यज्ञेशच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे त्याच्या खात्यात जमा धरलं पाहिजे. तो आवाज उतरवून म्हणाला, "आई, मग उद्या सामान..."

"हे धर." बाईंनी ताम्हण त्याच्या हातात दिलं, पदर खोचला आणि जिन्याकडे पाठ केली.

"आई! काय करतेस?"

"उतरते आहे."

दोन्ही हात कठड्यावर. उजवा पाय मागे, खाली. टेकला. मग डावा. तोंड वर स्वतःच्या दाराकडे, पाठ खाली जमलेल्या सगळ्यांकडे. समोर खोल जिना नव्हताच, जवळची पायरी तेवढी होती, आणि ती अंगावर येत नव्हती. यज्ञेशने ताम्हण आमच्या हातात कोंबलं आणि बाईंना ओलांडून खाली धावला. दोन्ही हात पसरून तो त्यांच्या पाठीशी उभा राहिला, पडल्या तर झेलायला.

सोपं नव्हतं ते. पायांमुळे नव्हे, लोकांमुळे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर माणसं जमलेली, त्यातली निम्मी शिकवणीला येऊन गेलेली, आणि बाई त्यांच्या देखत मागच्या मागे चाललेल्या. तिसऱ्या मजल्यावर बाईंचे कान लाल झालेले दिसले. क्षणभर त्या थांबल्या. वाटलं, वळतात आता.

"टीचर, रिव्हर्स?" हरेश खालून म्हणाला. मस्करी नव्हती, तोंडातून गेलं बिचाऱ्याच्या. पण दोघंतिघं हसली.

बाईंनी मान वळवली नाही.

"हरेश, मोबाइल खिशात ठेव."

हरेशने शूटिंग चालू केलेला मोबाइल दचकून खिशात टाकला. "टीचर, तुम्हाला कसं दिसलं?"

"फळ्यावर लिहिताना माझी पाठच असायची तुमच्याकडे. तेव्हा तू काय काय करायचास तेही दिसायचं. सांगू इथे, बायकोसमोर?"

"नको टीचर, सॉरी टीचर."

आता हसणारी माणसं हरेशला हसत होती. बाईंचा पाय मोकळा झाला. त्या उतरत राहिल्या आणि उतरता उतरता पाठमोऱ्याच हजेरी घेत राहिल्या. कुणी अजून लायब्ररीचं पुस्तक परत केलं नाही, कुणाचा मुलगा पाढे चुकतो, कुणाच्या दारात चपलांचा ढीग आहे आणि पाय अडकतो. माणसं चपला उचलायला धावली. पहिल्या मजल्यावर आमच्या दारापाशी त्या म्हणाल्या, "आणि दुपारी दाराच्या फटीतून बघायचं नसतं." आम्ही ताम्हणाकडे बघत राहिलो.

शेवटची पायरी उतरून बाई वळल्या. घाम आला होता, पण उभ्या ताठ होत्या. समोर यज्ञेश, अजून हात पसरलेले. चारही मजले तो आईकडे तोंड करून, स्वतःही पाठमोराच उतरला होता आणि त्याच्या ते गावीही नव्हतं.

"पडले?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"अडखळले?"

"तिसऱ्यावर थांबलीस."

"थांबले. अडखळले नाही. फरक आहे."

यज्ञेशने हात खाली घेतले. त्याने बाईंच्या मागोमाग उतरलेल्या भावनाकडे पाहिलं.

"असं उतरलेलं चालतं?" त्याने विचारलं.

"दोन्ही हात कठड्याला असतील तर आडवं उतरण्यापेक्षा चांगलं," भावना म्हणाली. "मी पट्टा बांधून पुन्हा बघते. नागपूरहून आल्यावर. पण आत्ता डोळ्यांना तरी तोल बरोबर दिसला."

"रोज असंच उतरणार, आई? लोकांसमोर?"

"भर दुपारी चोरून उतरायचे त्यापेक्षा बरं. आता संध्याकाळी उतरेन, सगळ्यांबरोबर."

यज्ञेशने खिशातून फोन काढला. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं, आणि का ते सांगताना दोनदा अडला. फोन ठेवून तो पहिल्या पायरीवर गेला, कठडा हलवून पाहिला, मग समोरच्या मोकळ्या भिंतीवर आईच्या हाताच्या उंचीला वीत टेकवली.

"ह्या बाजूलाही कठडा लागेल. खालपासून वरपर्यंत. आणि ती झिजलेली पायरी आधी भरून घ्यायची. त्याशिवाय मी सही नाही करणार."

"पाइपवाला है अपना, कॅम्प में," हरेश पुढे सरसावला. "टीचरके लिए बोलूंगा तो माल एकदम ए-वन देगा."

"तू बोलू नकोस, मी येते," बाई म्हणाल्या. "जिना उतरता येतो मला. यज्ञेश, तोंड धू आणि जेवायला चल. श्रीखंड गरम होतंय वर."

आणि त्याला मागे टाकून, एक हात कठड्याला लावून, त्या वर निघाल्या.